हलकी खुर्ची

भाऊबीज उरकली की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागतात आणि रात्रीची नाटकं सुरू होतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात. शंकरपट असला तर दिवसा बैल धावतात, रात्री पडदा उघडतो, आणि होळीपर्यंत हे असंच चालतं. ज्या गावात नाटक असेल तिथे दुपारीच बिछायत केंद्राचा टेम्पो येऊन उभा राहतो. हौद्याच्या वरपर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्या रचलेल्या, दोरखंडाने आवळलेल्या. दोन पोरं थप्पी खाली घेतात, एकेक खुर्ची हिसका देऊन सोडवतात, आणि धान निघून गेलेल्या बांधीत बघता बघता रांगा लागतात. खुर्चीचं तिकीट वेगळं, खाली बसण्याचं वेगळं. नाटक पहाटेपर्यंत रंगतं. उजाडलं की त्याच खुर्च्या पुन्हा थप्पीला लागतात, कारण दुपारी पुढच्या गावात कुणाची तरी तेरवी असते.

या खुर्चीची कुळी शोधत गेलं तर तीही एका नाटकगृहापाशीच पोचते. जर्मनीत कार्ल्सरूहे नावाचं शहर आहे. तिथल्या नव्या नाट्यगृहाच्या निमित्ताने हेल्मुट बेट्सनर या वास्तुविशारदाने १९६४ च्या सुमारास एक खुर्ची आखली. काचतंतू मिसळलेलं पॉलिएस्टर दाबयंत्रात घालायचं. पाच मिनिटांच्या आत पाय, बैठक आणि पाठ एकदमच बाहेर. कुठे स्क्रू नाही, खुंटी नाही, सांधा नाही, आणि एकावर एक रचता येणारी. १९६६ मध्ये कोलोनच्या फर्निचर मेळ्यात ती लोकांनी पाहिली. नाटकाला पुष्कळ माणसं येतात, त्यांना बसवायचं असतं आणि नंतर जागा मोकळी करायची असते, ही अडचण कार्ल्सरूहेची तीच आमच्या सिंदेवाहीची. म्हणून मला बेट्सनर परका वाटत नाही.

ती पंधरा-वीस वर्षं म्हणजे युरोपात प्लॅस्टिकच्या खुर्चीचा ध्यास घेतलेल्या माणसांची. डेन्मार्कचा व्हर्नर पँटन एका सलग वळणाची, मागचे पाय नसलेली खुर्ची डोक्यात घेऊन कारखान्यांचे उंबरठे झिजवत होता. व्हिट्रा कंपनीने ती १९६७ मध्ये बाजारात आणली. मिलानच्या ज्यो कोलोंबोने त्याच सुमारास कार्टेल कंपनीसाठी ‘युनिव्हर्साले’ केली. तिच्या पाठीला खाली एक गोल भोक आहे, खुर्ची उचलायलाही सोयीचं आणि साच्यातून सोडवायलाही. इंग्लंडमध्ये रॉबिन डे याने १९६३ मध्ये पॉलिप्रॉपिलीनची बैठक लोखंडी पायांवर बसवली. हे पॉलिप्रॉपिलीन इटलीच्या ज्युलिओ नात्ताने १९५४ मध्ये घडवलं होतं, आणि डेची खुर्ची आली त्याच वर्षी नात्ताला कार्ल झिग्लरबरोबर नोबेल मिळालं. स्वस्त, हलकी, धुता येणारी, कुणालाही परवडणारी खुर्ची, असं सगळ्यांचं स्वप्न होतं. प्रत्यक्षात त्या खुर्च्या सुखवस्तू घरांत गेल्या. १९७३ मध्ये तेल भडकलं आणि प्लॅस्टिकचं स्वस्तपण काही काळ संपलंच. आज त्यांतल्या जुन्या, मूळ घडणीच्या खुर्च्या लिलावांत आणि संग्रहालयांत दिसतात.

स्वप्न पुरं केलं ते ज्यांची नावं फारशी कुणी घेत नाही अशांनी. फ्रान्सच्या आन्री मासोने याने १९७२ मध्ये ‘फोतॉय ३००’ काढली आणि एका खुर्चीला लागणारा वेळ दोन मिनिटांच्या आत आणला. तिच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि ऐंशीच्या दशकात ती युरोपातल्या अंगणांत आणि हॉटेलांबाहेर पसरली. आपल्याकडे तिला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. सिन्नरला नीलकमलचा कारखाना आहे, जळगावजवळ गाडेगावला सुप्रीमचा. आमच्याकडे दुकानात गिऱ्हाईक ‘नीलकमल दाखवा’ म्हणतं आणि दुकानदार हाताला लागेल त्या कंपनीची पुढे करतो.

माझं म्हणणं असं, की या खुर्चीचा इतिहास मिलान आणि बाझेलसारख्या युरोपातल्या शहरांच्या अंगाने लिहिला गेला आणि आमच्या बाजूने लिहायचा राहिलाच. तो राहू नये, कारण सागवानाच्या मुलखात प्लॅस्टिकची खुर्ची येणं ही फर्निचरच्या इतिहासातली मोठी घटना आहे.

आमच्या घरी ओसरीत आजोबांची सागवानी खुर्ची होती. रुंद हात, वेताने विणलेली बैठक, पाठीच्या वरच्या पट्टीवर वाढईने कोरलेली वेल. ती हलवायला दोन माणसं लागत, म्हणून ती कधी हलत नसे. तिच्या पायांनी सारवलेल्या जमिनीत चार खळगे पाडले होते. पोळ्याला ओसरी नव्याने सारवली तरी ते बुजवत नसत, खुर्ची नेमकी तिथेच परत यायची. आजोबा नसले तरी तिच्यावर कुणी बसत नसे. फॉरेस्टर आला तर आजोबा स्वतः उठून त्याला ती देत आणि आपण बाजेवर बसत. सालदार खाली बसे. बाया आत असत. आजीने त्या खुर्चीला रोज फडकं मारलं आणि एकदाही टेकली नाही. तिला कुणी मनाई केली होती असंही नाही, तसा प्रश्नच कुणाच्या डोक्यात नव्हता.

खाली बसण्यात कमीपणा असतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. पाट, बाज, चटई, सारवलेली जमीन यांच्यावर या भागातली माणसं पिढ्यान्पिढ्या बसत आली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते हे देशभर ठाऊक आहे, आणि त्यासाठी खुर्च्या लागल्या नाहीत. सगळेच जमिनीवर असले की कुणी खाली नसतं. प्रश्न उभा राहतो तो तिथे एकच खुर्ची आली की. एक खुर्ची आली की उरलेले सगळे आपोआप खाली बसलेले होतात.

आणि ती एकच का असायची? चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत लाकडाला काय तोटा? आलापल्लीच्या सागवानाचं नाव सगळीकडे आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून राखलेल्या जंगलाच्या तुकड्यात गेलं तर खोडाकडे बघताना मान दुखते. कमलापूरच्या हत्तींनी याच जंगलात लठ्ठे ओढले. बल्लारपूरच्या डेपोत सागाच्या रासा लागतात आणि लिलाव होतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ च्या मार्चमध्ये इथूनच लाकूड गाजावाजाने रवाना झालं. पण इंग्रजी कायद्याने जंगल राखीव झालं तेव्हापासून सागवानावर पहिला हात सरकारचा. लठ्ठ्यावर हातोड्याचा ठसा हवा, वाहतुकीला टीपी, म्हणजे परवाना, हवा, आणि मग तो विकत घ्यायला पैसा हवा. ज्याच्या झोपडीमागे साग उभा, त्याच्या घरात सागाची खुर्ची नव्हती. लाकूड सोडा, बांबूसुद्धा आपला म्हणायला मेंढा-लेखाला २०११ साल बघावं लागलं. त्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला जायला तर २०१७ उजाडलं, तोवर तो वृक्षच होता.

अशा मुलखात प्लॅस्टिकची खुर्ची आली. जंगलाशी तिचा काडीचा संबंध नव्हता, म्हणून तिला परवाना लागत नव्हता. शनिवारच्या बाजारात सायकलच्या कॅरिअरला उलटी बांधून ती घरी नेता येत होती. वजन दोन-अडीच किलो. मला वाटतं, सगळं या वजनात आहे. जड खुर्चीची जागा ठरलेली असते, आणि जागा ठरली की मालकही ठरतो. माणसाने तिच्याकडे जायचं असतं, तेही लायकी असेल तर. हलकी खुर्ची माणसाकडे येते. दारात कुणी आलं की घरातलं पोर आतून एका हाताने खुर्ची उचलून आणतं, बाहीने पुसतं आणि पुढे ठेवतं. तलाठी आला तरी आणि मोहाची फुलं तोलायला आलेली शेजारीण आली तरी, तीच खुर्ची आणि तसंच पुसणं.

आजीच्या वाट्याला खुर्ची आली ती अशीच. काकांनी दोन आणल्या होत्या, दुधाळ पांढऱ्या, पाठीला उभ्या फटी असलेल्या. त्यातली एक आजीने न विचारता घरामागच्या सांदवाडीत नेली. सकाळी विहिरीपाशी, उन्हं चढली की कडुनिंबाखाली, संध्याकाळी मागच्या दाराशी, अशी ती सावलीमागे खुर्ची नेत असे, स्वतःच्या हाताने. त्या खुर्चीत बसून तिने लाखोळीची डाळ निवडली, सुनांना हाका मारल्या, नातवंडांचे केस विंचरले. सत्तरी उलटलेल्या बाईला पाठ टेकायला जागा मिळाली आणि गुडघे दुमडावे लागले नाहीत. ज्यो कोलोंबोच्या खुर्चीबद्दल मी कितीही वाचलं तरी माझ्यापुरती या सगळ्या खटाटोपाची फलश्रुती ती सांदवाडीतली पांढरी खुर्चीच आहे.

ही वस्तू जवळून बघण्यासारखी असते आणि आपण ती बघत नाही. उलटी करून पाहावी. बैठकीच्या खालच्या बाजूला मधोमध एक खरबरीत ठिपका सापडतो. दोनशे अंशांहून जास्त तापवून पातळ केलेला दाणा तिथून साच्यात शिरला आणि क्षणात चारी पायांच्या टोकांपर्यंत पोचला. पत्रा जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीचा. तेवढ्या जाडीचा सरळ पाय माणसाच्या भाराने वाकला असता, म्हणून पाय काटकोनात दुमडलेला असतो. आणि तो दुमडलेला आहे म्हणूनच वरच्या खुर्चीचा पाय खालच्या खुर्चीच्या पायावर चपखल बसतो. एकाच घडीने ताकदही आली आणि थप्पीही लागली. पाठीच्या फटी वारा खेळावा म्हणून आहेत आणि प्लॅस्टिक वाचावं म्हणूनही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर जातो तेव्हा त्या फटी नसलेल्या खुर्चीत बसून बघावं. बैठकीला एक भोक असतं, पाऊस साचू नये म्हणून. यातलं काहीही शोभेसाठी नाही. शोभा करायला जातात तिथेच ही खुर्ची बिघडते. वेताच्या विणकामाची खोटी नक्षी उमटवलेल्या तपकिरी खुर्च्या मला बघवत नाहीत.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं सरकारच्या निमंत्रणावरून भारतात आलं आणि १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडिया रिपोर्ट’ लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी लोट्याचं मनापासून कौतुक केलं. तो कुणा एकाने आखलेला नाही, पिढ्यांच्या हातांनी घडत आला, असा त्याचा आशय. स्वतः ईम्स दांपत्य तोवर काचतंतूच्या कवची खुर्चीसाठी जगभर गाजलं होतं. त्यांना मंडईतल्या खुर्च्या दाखवायला हव्या होत्या असं मला फार वाटतं. हीसुद्धा कुणा एकाची राहिलेली नाही. दर नव्या साच्यात कुणीतरी पाय दोन बोटं आत घेतला, कुणी हाताची कड वळवली, कुणी पत्रा अर्धा मिलिमीटर पातळ केला. लोट्याला शतकं लागली आणि हिला पन्नास वर्षं, एवढाच फरक.

युरोपला मात्र ती फार दिवस डोळ्यांत खुपली. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराने २००८ पासून जवळजवळ दहा वर्षं सार्वजनिक रस्त्यांवर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना बंदी घातली होती, शहराचं रूप बिघडतं म्हणून. आणि बाझेलच्या सीमेपलीकडे लागूनच, वाईल आम राइनच्या व्हिट्रा डिझाइन म्युझियममध्ये, २०१७ साली याच खुर्चीवर प्रदर्शन भरलं. मला त्या प्रदर्शनाचा आनंद झाला. पण कौतुकात आणि बंदीत एक गोष्ट सारखीच आहे, दोन्हीकडे खुर्चीकडे लांबून पाहिलं गेलं. तिच्यावर दुसरं बसायला काहीच नसलेला माणूस कसा बसतो, हे भामरागडच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात दिसतं. रात्रभर चालत आलेली बाई आजारी पोराला मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसते आणि पहिल्यांदा तिचे खांदे खाली येतात.

तिचे दोष मला ठाऊक आहेत आणि ते लहान नाहीत. पॉलिप्रॉपिलीनला ऊन सोसत नाही. अतिनील किरणांनी त्याच्या लांब साखळ्या तुटतात, चकाकी जाते, वर पांढरी भुकटी धरते आणि ती धोतराला लागते. हे लांबवायला दाण्यात औषध मिसळतात. स्वस्त मालात ते कमी आणि खडूची पूड जास्त. अशी खुर्ची दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते आणि लग्नाच्या पंगतीत मागचा पाय मोडून माणसाला आडवं पाडते. मोडकी खुर्ची बोडीत फेकतात नाहीतर चुलीत घालतात, दोन्ही वाईट. मोठ्या डिझाइनरांचीही यातून सुटका झाली नव्हती. पँटनच्या खुर्चीचं प्लॅस्टिक बदलून पाहिलं, तीही हवापाण्याने तडकू लागली आणि १९७९ मध्ये तिचं उत्पादन थांबवावं लागलं. संग्रहालयांत प्लॅस्टिक टिकवणं ही आज मोठी डोकेदुखी आहे; अंधार, गारवा, कोरडी हवा, एवढं करूनही ते हळूहळू विटतंच.

आमच्याकडे टिकवण्याची रीत निराळी. मूल गावाजवळच्या एका चहाटपरीवर मी पाहिलेली खुर्ची सांगते. हाताचा आणि पाठीचा जोड चिरला होता. टपरीवाल्याने खिळा चुलीत लाल करून भेगेच्या दोन्ही अंगांना भोकं पाडली होती आणि त्यातून बारीक तार ओवून टाके घातले होते. टाके एकसारख्या अंतरावर, तारेची टोकं आत वळवलेली, कुणाच्या सदऱ्याला लागू नयेत म्हणून. मागचा एक पाय तुटला होता तिथे बांबूची खापोळी आतून बसवून तारेने करकचून बांधली होती. गिऱ्हाईक निर्धास्त बसत होतं. प्लॅस्टिक, लोखंड आणि बांबू असे तीन काळ एका पायात एकत्र आलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

बांबूचं निघालंच आहे म्हणून. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूही हलका, आणि तो इथला. त्याची खुर्ची एका हाताने उचलता येते, म्हणजे वजनाची परीक्षा तो सहज पास होतो. पण बांबूत पिष्ट असतं, त्यावर कीड येते आणि वर्षभरात खुर्चीखाली पिवळी भुकटी पडू लागते. ती टाळायला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू मुरवावा लागतो. तेही जमेल. थप्पीचं काय? बांबूची खुर्ची खुर्चीवर बसत नाही, आणि टेम्पोत मावत नाही ती मंडईला जात नाही. बुरडांच्या हातात टोपलीत टोपली बसवण्याची अक्कल पिढीजात आहे. तीच खुर्चीत उतरवण्याचं काम कुणीतरी मनावर घ्यावं असं वाटतं. सरकारी दिवाणखान्यातला बांबूचा सोफा हे त्याचं उत्तर नाही.

दरम्यान जुन्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या संपत चालल्या आहेत. नव्वदच्या दशकातल्या, जाड पत्र्याच्या, आजीच्या खुर्चीसारख्या. भंगारवाला त्या किलोवर घेतो, त्यांचा चुरा होतो, चुऱ्याचा दाणा होतो आणि दाण्याच्या काळ्या बादल्या होतात. पँटनची पहिली खुर्ची सांभाळायला जगात अनेक जण आहेत. आमच्याकडे आलेल्या पहिल्या खुर्च्यांतली एकही कुठे ठेवलेली नाही. नागपूरच्या अजब बंगला संग्रहालयात, १८६३ पासून जिथे या प्रदेशाच्या वस्तू जमा होत आल्या, तिथे तिला जागा असावी असं मला वाटतं.

एका बिछायत केंद्राच्या गोदामात मला तशी खुर्ची दिसली आहे. थप्पीत सगळ्यात खाली, दुधाळ रंग पिवळा पडलेला, पाठीवर ऑइलपेंटने लिहिलेलं नाव दोनदा गिरवलेलं. मालकाला म्हटलं, भाऊ, ही मला द्या. तो म्हणाला, ‘‘काय करता जी मॅडम याचं? एखादा बसला तं पडंल.’’ बसायला नाही, ठेवायला पाहिजे, म्हणून सांगितलं. त्याने खुर्ची ओढून काढली, पायांवर दाब देऊन पाहिला, थोडा विचार केला. ‘‘एक नवी आनून द्या, अन् हे घेऊन जा. लग्नसराई आहे, गिनतीत एक कमी नाही चालत.’’ नवी मरून रंगाची पाहिजे, त्याचा बाकीचा सगळा माल मरून आहे.